दाजी, राजा मागे का नेलात?

प्रिय दाजी,

तुम्ही गेलात त्याला दोन महिने झाले आणि तुमच्या घरात चहा अजून बिनसाखरेचाच होतो. ही तक्रार मी सर्वांत आधी नोंदवून ठेवतो, कारण मागून येणाऱ्या तक्रारी आकाराने मोठ्या आहेत आणि त्यांच्या गर्दीत हिला कोणी विचारणार नाही. मधुमेह तुम्हाला होता. पथ्य तुमचं होतं. आम्ही धडधाकट माणसं केवळ तुमच्या शेजारी बसतो म्हणून वर्षानुवर्षं तो काढा प्यायलो आणि एका शब्दाने बोललो नाही. आता रोगी गेला आणि पथ्य घरात राहिलं, हे कोणत्या न्यायात बसतं? ताईला विचारलं तर म्हणते, "हाताला सवय झाली रे. पुढच्या वेळी घालते." तुमची बायको आहे, तिला काय बोलणार. माझी बहीणही आहे, म्हणून तर काहीच बोलता येत नाही.

दुसरी तक्रार दामल्यांविषयी. इथल्या आपल्या मराठी मंडळींचा गणपतीचा अंक निघतो, त्याचे ते संपादक, हे तुम्हाला सांगायला नको. त्यांच्या अंकासाठी जाहिराती मागत तुम्हीच हिंडायचात. त्यांना तुमच्यावर पानभर मजकूर हवा आहे. "तुम्ही मेहुणे, शिवाय विनोदी का होईना पण लिहिता. द्या हातासरशी." काय लिहायचं तेही त्यांनी ठरवून ठेवलंय. शांत, सोज्वळ, अजातशत्रू. शेवटी बुद्धिबळाचं एखादं वाक्य, छंद म्हणून.

बसलो लिहायला. 'अजातशत्रू' असं लिहिलं आणि पेनाला टोपण घातलं. तुमच्यावर इतकी वर्षं मनापासून रागावलेला निदान एक माणूस मला माहीत आहे, आणि तो त्या वेळी माझ्याच खुर्चीत बसला होता. कशावरून रागावलो होतो ते तुम्हाला चांगलं ठाऊक आहे. पण गेल्या रविवारी ताईने जे सांगितलं, त्यानंतर तो राग विझायचा सोडून जागा बदलून बसला आहे. तेव्हा दामल्यांना मजकूर नाही. तुम्हाला पत्र. छापायचं तर त्यांनी हेच छापावं.

आधी तुमची बाजू मांडतो. मी टोचून बोलतो अशी माझी ख्याती असली तरी आंधळा नाही.

मला बुद्धिबळ तुम्ही शिकवलंत. मला वाटत होतं की ते मला येतं. कलकत्त्यात जन्मलेला, गणिताच्या मास्तरांचा मुलगा, त्यात बँकेत नोकरी. मला काय येत नव्हतं? तुम्ही नागपूरचे, रेल्वेबरोबर गार्डन रीचच्या कचेरीत आलेले, मितभाषी. पहिल्या रविवारी तुम्ही मला इतक्या लवकर हरवलंत की ताईने टाकलेले पोहे अजून कढईतच होते.

मग तुम्हाला कॉलेज स्ट्रीटच्या फुटपाथवर ते पुस्तक मिळालं. मॉस्कोत छापलेलं, इंग्रजीतलं, लाल कापडी बांधणीचं. एका रशियन ग्रँडमास्टरने स्वतःचेच डाव घेऊन, प्रत्येक खेळी का केली, काय चुकलं, समोरच्याने काय करायला हवं होतं, असं सगळं सांगितलेलं. त्याचं नाव घेताना तुमची जीभ दोनदा अडखळायची, म्हणून तुम्ही त्याला 'बुवा' म्हणू लागलात. कीर्तनात बुवा अभंग घेतात आणि मग त्याचं निरूपण करतात, तसा हा माणूस डाव घेतो आणि निरूपण करतो, असं तुमचं म्हणणं. तेव्हापासून तुमच्या घरात मॉस्कोचे बुवा राहायला आले. "बुवा इथे उंट का बाहेर काढतात बघू." "बुवांना ही खेळी पसंत नाही, प्रश्नचिन्ह दिलंय." एकदा ताईच्या आमटीलाही तुम्ही प्रश्नचिन्ह दिलं होतंत. त्या रात्री तुम्हाला आमटी मिळाली नाही.

रेल्वेच्या जुन्या वेळापत्रकाचा एक पुठ्ठा तुम्ही कापून घेतला होतात. तो पानावर ठेवायचा, पुढची खेळी झाकायची, आणि आधी आपण काय केलं असतं ते ठरवायचं. ठरवायचं म्हणजे पटावर सोंगटी उचलून ठेवायची. मी नुसता म्हणालो, "मी घोडा हलवला असता," तर तुम्ही चष्म्यावरून बघायचात. "मग हलव. मनातल्या मनात केलेली खेळी, खेळी नसते. हात लागला की मग कळतं आपल्याला कशाची भीती वाटते." मी हात लावायचो, भीती कळायची, तुम्ही पुठ्ठा एक ओळ खाली सरकवायचात. बुवांनी तिसरंच काहीतरी केलेलं असायचं.

सुरुवातीच्या खेळ्या पाठ करायला तुमची सक्त मनाई. मला सिसिलियन आवडायचं, कारण नाव रुबाबदार. तुम्ही विचारलंत, "ते प्यादं तिकडे का सरकलं ते सांग, मग खेळ." सांगता आलं नाही. मग तुमचं आवडतं फ्रेंच. काळ्यांनी राजासमोरचं प्यादं एकच घर पुढे टाकायचं आणि समोरच्याला मोठं होऊ द्यायचं. मला ते फार मुळमुळीत वाटायचं. ताईला मात्र पसंत होतं. ती म्हणाली, "हे बरंय. प्यादं कसं प्याद्यासारखं चाललं."

आता ताई. तिच्याविषयी तुम्ही किंवा मी, दोघांनीही कधी पुरेसा विचार केला नाही असं मला आता वाटतं. तिला आमच्या आजोबांनी लहानपणी देशी बुद्धिबळ शिकवलं होतं. त्यात प्यादं एकाच घराने चालतं. किल्लेकोट नाही. राजाला शह बसलेला नसेल तर आयुष्यात एकदा तो घोड्यासारखी उडी मारू शकतो, नाहीतर आपल्या पायांनी हिंडतो. तुमच्या पलंगाच्या कडेला पाय खाली सोडून ती केळफूल सोलत बसायची. केळफूल सोलायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात आपला डाव निम्मा व्हायचा. मान खाली घालून ती बोलायची.

"अहो, तो घोडा रजेवर आहे का?"

"राजाला काय डबीत घालून ठेवलंत? श्वास कुठून घ्यायचा त्याने?"

तुम्ही म्हणायचात, "कमल, हे नवं बुद्धिबळ आहे."

"असू दे की. माणूस जुनाच आहे ना?"

आपण हसायचो. हसून पुन्हा पटाकडे बघायचो. तुम्ही तरी घोडा रजेवरून परत बोलवायचात. मी तेवढंही करत नसे.

मग तो फोन. एस्प्लनेडच्या आमच्या शाखेत एकच फोन, मॅनेजरसाहेबांच्या टेबलावर. तुम्ही कधी फोन करत नसायचात. मी रिसीव्हर घेतला तर तुमचा आवाज अगदी खाली. "श्रीपाद, बुवा चुकले." मी नुसतं "काय सांगता?" एवढंच म्हणालो. मॅनेजरसाहेबांनी माझा चेहरा बघून खुर्ची पुढे केली आणि हळूच विचारलं, कोण गेलं?

संध्याकाळी तुमच्या घरी आलो तर पट मांडलेला. फ्रेंचचाच डाव. बुवा पांढऱ्यांकडून. काळ्या राजाने किल्लेकोट करून कोपऱ्याशेजारी घर केलेलं, आणि बुवांचा उंट लांबून येऊन त्याच्या दारातलं प्यादं मारून शह देतो. राजाने उंट मारला की घोड्याचा शह. आता राजाला धड अशा दोनच वाटा. एक, मागे सरकून जवळजवळ कोपऱ्यात. तिथे गेला की वजीर येतो आणि तो गुदमरून मरतो. दुसरी, पुढे, उघड्यावर, स्वतःच्या प्याद्यांच्याही पुढे. बुवांचं निरूपण त्यावर एका ओळीचं होतं: राजा पुढे आला तर शेवट आणखी लवकर. पुरावा काही नाही. कोण मागणार?

तुम्ही राजा पुढे आणलात. मी पांढऱ्यांकडून वाटेल ते करून पाहिलं. शह येत गेले, मग संपले, आणि काळ्यांकडे उंट जास्तीचा. मॉस्कोच्या बुवांची कीर्तनात चूक सापडली होती, तीही खिदिरपूरच्या एका भाड्याच्या घरात. मी तुमच्या पाठीवर थाप मारली. ताई चहा घेऊन मागे उभी होती. ती काही बोलली नाही. तुम्हीही काही बोलला नाहीत. थाप तेवढी ठेवून घेतलीत.

आणि मग, नशीब बघा, बुवा स्वतः आले. बांगलादेशच्या लढाईनंतरचा हिवाळा होता. धरमतल्याजवळच्या त्या क्लबाने त्यांना बोलावलं होतं. मधे बुवा, सभोवती टेबलं, आणि एकटा माणूस फेऱ्या मारत सगळ्यांशी एकदम खेळणार. कचेरीच्या स्पर्धेत जिंकला होतात म्हणून तुम्हाला एक पट मिळाला. मी तुमच्या मागे उभा. ताई पहिल्या रांगेत, प्रेक्षकांत. तुम्ही तिला बरोबर आणलंत याचं मला तेव्हा कौतुक वाटलं होतं.

तुम्ही फ्रेंच खेळलात. बुवांनी तेच, तेच, तेच केलं. बुवा आले, वाकले, उंटाने प्यादं मारलं, पुढच्या पटाकडे गेले. तुम्ही उंट मारलात. बुवा फेरी मारून आले, घोड्याचा शह दिला, गेले. आता त्यांची पुढची फेरी येईपर्यंत सगळा वेळ तुमचा. एकच घर पुढे. त्यांच्या पुस्तकातली त्यांचीच ओळ खोटी, त्यांच्याच समोर, कलकत्त्यात.

तुम्ही मान वर केलीत, समोर कुठेतरी बघितलंत. मग राजा उचललात आणि मागे ठेवलात.

मला वाटलं हात चुकला. तुमच्या तोंडाकडे बघितलं तर ते नेहमीसारखंच. बुवांनी वजीर आणला. थोड्या वेळाने तुम्ही राजा आडवा केलात, उठून उभे राहिलात, त्यांनी हात मिळवला आणि ते पुढे सरकले. त्यांना तुमचं नावही कळलं नाही. वर नमस्कारही केलात.

परतीच्या ट्राममध्ये मैदानावर धूर उतरला होता आणि मी धुमसत होतो. ताई पुढे बायकांच्या सीटवर, आपल्याकडे पाठ करून.

"तुम्हाला आठवली नाही का?"

"आठवली."

"मग?"

"पाहुणा माणूस आहे. एवढ्या लांबून आलाय."

"पाहुणा आहे तर जेवायला घाला. डाव कसला वाढताय ताटात?"

"काहून ओरडतोस? लोक बघताहेत."

लोक नव्हते बघत. कंडक्टर बघत होता. तो म्हणाला, "दादा, झगडा पॉरे, टिकिट आगे." भांडण नंतर, तिकीट आधी. मी तिकिटं काढली, आणि तुम्ही खिडकीबाहेर बघत राहिलात. पुढे पाच-सहा वर्षं जेव्हा जेव्हा तो विषय काढला, तुम्ही असेच कुठल्यातरी खिडकीबाहेर बघत राहिलात.

आणि मी काढत राहिलो. बँकेत सांगितलं, नागपूरच्या लग्नात सांगितलं, एका लेखात तर नाव न घेता सांगितलं. मराठी माणूस हातात आलेला विजय भिडेखातर कसा परत करतो, त्याचं उदाहरण म्हणजे माझे मेहुणे. लोक फार हसायचे. तुम्हीही हसायचात, तुमच्यासमोर सांगितलं तर. ताई उठून आत जायची.

आता गेला रविवार. ताई तुमचे सदरे काढून बसली होती, कुणाला काय द्यायचं त्याच्या घड्या करत. मी दामल्यांचं सांगितलं. म्हटलं, "अजातशत्रू नाही लिहिणार. भिडस्त लिहितो. तो बुवांचा किस्सा टाकतो. राजा पुढे न्यायचं धाडस झालं नाही माणसाला, असं."

ती घडी घालत म्हणाली, "भिडस्त होते. पण त्या दिवशी नव्हते."

"म्हणजे?"

"ती चाल त्यांची नव्हती."

"मग कोणाची? बुवांची?"

"माझी."

मी हसलो. ती हसली नाही. तिने सदऱ्याची बाही सरळ केली, पुन्हा दुमडली.

"मी केळफूल सोलत होते," ती म्हणाली. "हे बसलेले पुठ्ठा ठेवून, राजाला मागे नेलं, मेला. परत मांडलं, परत मागे नेलं, परत मेला. मी म्हटलं, अहो, किती वेळा मारताय त्याला त्याच भिंतीपाशी? पुढे आणा की. म्हणाले, बुवा म्हणतात लवकर मरेल. म्हटलं, बुवांना मारायचंय, ते म्हणणारच. मग मी हात धुतले आणि राजा पुढे आणून दाखवला. मी सगळा डाव खेळले शेवटपर्यंत. दोनदा. ते काही बोललेच नाहीत. दुसऱ्या दिवशी तुला फोन केला."

"मग मला का नाही सांगितलं?"

"मी चहा घेऊन आले तर तू त्यांच्या पाठीवर थापा मारत होतास."

दाजी, मी गप्प बसलो हे तुम्ही बघायला हवं होतं, तुम्हाला बरं वाटलं असतं.

मग तिने बाकीचं सांगितलं. क्लबाचे सेक्रेटरी सेनबाबू तुमच्या घरी चहाला आले होते, नावं लिहून घ्यायला. तुम्ही म्हणालात, माझ्याऐवजी हिचं नाव घाला. सेनबाबूंना तो विनोद फार आवडला. "बौदी खेलबेन?" म्हणून ते मांडीवर थाप मारून हसले. वहिनी खेळणार? वा, वा. वहिनींसाठी पहिल्या रांगेत खुर्ची ठेवतो.

"ठेवली का?"

"ठेवली की. गादीची होती."

आणि त्या गादीच्या खुर्चीत ती बसली होती. घोड्याचा शह झाल्यावर तुम्ही मान वर करून कुठेतरी बघितलंत असं मी वर लिहिलं. तुम्ही तिच्याकडे बघितलंत. तिने मान हलवली. खेळा, म्हणून. ते तुम्हाला दिसलं. दिसल्यावर तुम्ही राजा मागे नेलात.

"घरी आल्यावर काय म्हणाले?"

"म्हणाले, तुझी चाल माझ्या नावावर कशी खपवू? सगळे मला हार घालायला आले असते, मी कुठे तोंड दाखवलं असतं?"

"तू काय म्हणालीस?"

तिने तो सदरा गठ्ठ्यावर ठेवला. "म्हटलं, नाव तुमचं लागलं असतं तरी चाललं असतं. मला बघायला मिळाली असती. त्यांना वाटलं मी समजूत घालतेय."

"त्यानंतर तू आमच्या डावाजवळ कधी बसली नाहीस."

"केळफूल स्वयंपाकघरातही सोलता येतं," ती म्हणाली, आणि पुढचा सदरा घेतला.

आता बोला, दाजी. मी ट्राममध्ये विचारलं होतं त्याचं खरं उत्तर द्या. पाहुणा माणूस? तुम्ही मला इतकी वर्षं पाहुण्याच्या नावाने बनवलंत?

तुम्ही मोठे तत्त्वाचे. दुसऱ्याची वस्तू आपली म्हणून मिरवायची नाही. फार छान. पण ती जिची वस्तू होती ती समोर बसून मान हलवत होती ना? तिला विचारावं असं वाटलं नाही? तिची चाल चोरायची नाही म्हणून तुम्ही ती मारून टाकलीत, आणि वर समजलात की तिचा मान राखला. कुठे राखलात? कोणत्या फडताळात? आम्हाला तर तो कधी दिसला नाही. तुम्हीच मला शिकवलंत ना की मनातल्या मनात केलेली खेळी, खेळी नसते? मग तिची खेळी मनात ठेवायची हे कोणत्या बुवांचं निरूपण?

त्या सेनबाबूंवरही मी रागावलोय. पण त्यांनी एका बाईला खुर्ची दिली आणि विषय संपवला. त्यांना निदान ठाऊक नव्हतं ते कोणाला हसताहेत. तुम्हाला ठाऊक होतं. ते हसले तेव्हा तुम्ही एक वाक्य बोलायचं होतंत. "बाबू, हसू नका, तुमच्या पाहुण्याची चूक हिने काढलीय." पट घरातच होता. मांडून दाखवायला किती वेळ लागला असता? सेनबाबूंचा चहा थंड झाला असता, एवढंच.

आणि मला? मी तुम्हाला भित्रा म्हणालो, भिडस्त म्हणालो, लेखात छापलं. तुम्ही सगळं गिळलंत. तुमच्यापुरतं ते थोर असेल. पण माझा प्रत्येक टोमणा गिळताना तुम्ही तिचं नावही गिळत होतात, हे तुमच्यासारख्या दहा खेळ्या पुढचं बघणाऱ्याला दिसलं नाही? का दिसलं, आणि लाज वाटली? सेनबाबूंसमोर गप्प बसलो ही लाज? तसं असेल तर ते मला कळतं. तसं असेल तर माझा राग निम्मा कमी करतो. पण ते तुम्ही तिला सांगायला हवं होतंत. शेवटचे महिने तुम्ही पडून होतात, ती उशाशी होती, वेळ होता. मी विचारलं तिला. "बोलले का कधी त्याबद्दल?" म्हणाली, "एकदा म्हणाले, कमल, पट काढ. काढला. मांडता मांडता झोप लागली त्यांना."

पण माफ केलेलं नाही, हे लक्षात ठेवा. माफ करायचं की नाही हे तिच्याकडे आहे.

माझ्या हातात जे आहे ते सांगतो. हा किस्सा मी जिथे जिथे सांगितला, तिथे तिथे जाऊन पुन्हा सांगणार आहे, आणि यावेळी नीट. बँकेत सांगेन, नागपूरला सांगेन. सेनबाबू अजून त्या क्लबात बसतात, त्यांना तर घरी जाऊन सांगेन, गादीच्या खुर्चीसकट. हे पत्र दामल्यांना असंच देईन. त्यांना जागा कमी पडली तर 'सोज्वळ' काढावं, ताईचं नाव काढू नये. हे माझं तुम्हाला वचन. तुमच्याकडून मी ऐकत नाही बसणार की, अरे श्रीपाद, कशाला उगीच.

इथवर लिहून मी थांबलो होतो. आता उरलेलं, आज दुपारचं.

आज जाऊन पट काढला. ताई म्हणाली, "आता कशाला?" मी तो डाव लावला, घोड्याच्या शहापर्यंत. पांढऱ्यांकडून मी बसलो. तिला म्हटलं, "तुझी खेळी." ती बराच वेळ उभीच होती. मग बसली.

राजा पुढे आणला.

मी सूट दिली नाही, दाजी. तुमची शपथ, बुवा खेळले असते तसा जीव तोडून खेळलो. वजीर आणून घोड्यामागे उभा केला. तिने राजाशेजारचं प्यादं दोन घरं पुढे टाकून माझ्या वजिराच्या तोंडात दिलं. मी ते नव्या बुद्धिबळाच्या नियमाने जाता जाता मारलं. "हे तुमचं जाता जाता मारणं मला कधी पटलं नाही," ती म्हणाली आणि घोड्याने माझं प्यादं घेतलं. वजिरावर नजर होती त्या घोड्याची. मी वजीर एक घर मागे घेतला, पण त्याच रांगेत; आता माझा घोडा बाजूला झाला की वजिराचा उघडा शह, आणि त्यात तिचा वजीरही जातो. इथे मला वाटलं, बुवाच बरोबर होते, आणि मी या बाईला उगीच पटावर आणून बसवलं.

तिने पटाच्या पार पलीकडे विसरल्यासारखा बसलेला उंट उचलला आणि मधे आणून ठेवला. मी बघितलं. उघडा शह दिला तर तो उंट सरळ माझा वजीर खातो. दुसरा शह शोधला. नव्हता.

"खेळ की," ती म्हणाली.

मी माझा राजा आडवा केला. उठून उभा राहिलो आणि पटावरून हात पुढे केला, बुवांनी तुमच्यासमोर केला होता तसा. ताईने पदराला हात पुसला आणि माझ्या हातात दिला.

तुमच्यावर अजून रागावलेला, आणि तुमच्याचकडून शिकलेला,

श्रीपाद